बाबा रिझिकींचा नवा बाओ

माझ्या नवऱ्याला एकच व्यसन आहे, आणि ते लाकडी आहे. दारू नाही, विडी नाही, दुसरी बायको नाही. आमच्या किक्वाजुनी मोहल्ल्यातल्या बायका म्हणतात, "हिदाया, नशीब काढलंस." मी म्हणते, सवत परवडली असती. तिला निदान चार शब्द सुनावता आले असते. बाओच्या पटाला काय सुनावणार, कपाळ?

आमच्याकडे पुरुष पाळण्यातून उतरले की बाओ खेळायला लागतात आणि मयताच्या खाटेवर चढेपर्यंत खेळतात. जाड लाकडी पट, त्यात खळग्यांच्या चार ओळी, आणि सागरगोटे. एका खळग्यातले मूठभर उचलायचे आणि पुढच्या खळग्यांत एकेक पेरत जायचं. शेवटचा सागरगोटा भरल्या खळग्यात पडला तर तिथले सगळे उचलून पुन्हा पुढे. रिकाम्यात पडला की चाल संपली, हात मागे. खायचे-मारायचे आणखी ढीगभर नियम आहेत, पण ते मला कळत नाहीत. घरापुढच्या ओट्यावर पुरुष खेळतात, त्यामागच्या खिडकीत नारळ खवताना जेवढं कानावर पडलं तेवढं माझं शिक्षण.

एकदा ईदच्या आदल्या दिवशी हे घरी आले ते चेहरा पाडूनच. जेवले नाहीत. ऑक्टोपसचं कालवण पुढे केलं तरी नाही, तेव्हा मी घाबरले.

"काय झालं, बाबा रिझिकी?" आमच्याकडे पहिल्या लेकराच्या नावाने हाक मारतात, हे बाबा रिझिकी आणि मी मामा रिझिकी, मामा म्हणजे आई, आणि आम्हाला पहिलं आणि शेवटचं लेकरू एकच, रिझिकी.

"आयुष्यातली सगळ्यात देखणी चाल होती," हे म्हणाले. "माकामेच्या नाकावर टिच्चून चाललो होतो. आणि मेली. एका रिकाम्या खळग्यात जाऊन मेली. मला सांग, रिकामं घर आलं म्हणून माणूस थांबतो का? तुझं मीठ संपलं तर तू काय करतेस?"

"शेजारी मागते."

"डावीकडे की उजवीकडे?"

"जिच्याकडे असेल तिच्याकडे."

ह्यांनी ताट पुढे ओढलं आणि दोन माणसांचं जेवले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या दाराचं लाकूड कापून नवा पट केला. चांगला सुतार आहे हो माझा नवरा, दार अजून बाकीच आहे त्या बिचाऱ्याचं. तर हा नवा बाओ. शेवटचा सागरगोटा रिकाम्या खळग्यात पडला तरी चाल संपत नाही. डाव्या नाहीतर उजव्या शेजारणीकडे मागायचं. तिच्याकडे असतील नसतील तेवढे उचलायचे आणि निघायचं पुढे. जिच्याकडे मागितलं ती रिकामी निघाली, तरच चाल संपली. म्हणजे ह्या सगळ्या पापात अर्धा वाटा माझ्या मिठाचा.

जगात सुधारणा करायच्या तर माणसाने आपल्या शत्रूशी करू नये, आणि व्याह्याशी तर मुळीच नाही. म्झे, म्हणजे बुजुर्ग, माकामे आमच्या होणाऱ्या जावयाचे वडील. मासळीबाजारात लिलाव पुकारून आवाज फाटलेला, आणि जुन्या बाओतले बिंग्वा, म्हणजे असे उस्ताद की त्यांच्यापुढे बसायला लोक आंघोळ करून येतात. त्यांनी नवा पट बघितला आणि म्हणाले, "बाओत सुधारणा म्हणजे आईच्या चेहऱ्यात सुधारणा. ज्या घरात हे चालतं त्या घरची सून मी करू?"

"एक डाव खेळा," हे म्हणाले. "नाही आवडला तर पट चुलीत घालीन."

"कधी?"

"निकाहला येणारच आहात ना? सकाळी लवकर या."

मी मधे पडायला हवं होतं. पण वाटलं, सकाळी बसतील, दुपारच्या आत उठतील. बिर्याणीचा तांदूळ निवडणाऱ्या बाईला सगळंच सोपं वाटतं.

आता त्या दिवसाची अडचण नीट ऐका. आमचा जावई आमे मस्कतला फ्रीज दुरुस्त करतो. रजा संपत आलेली. सरकारी कागद आधीच झाले होते, अल्लाच्या दरबारातला तेवढा बाकी. तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर निकाह, लगेच जेवणं, आणि सूर्य बुडायच्या सुमाराला दोघांनी गाडीत बसून विमानतळ गाठायचा. ते विमान चुकलं तर आमेची नोकरी गेली, नोकरी गेली की रिझिकीचा व्हिसा गेला, आणि माझी पोर ना इकडची ना तिकडची. आणि निकाह कसा लागतो? नवरीचा बाप नवऱ्याचा उजवा हात हातात घेतो आणि म्हणतो, माझी मुलगी तुला दिली. बापाचा उजवा हात पाहिजे. आमच्या बापाचा उजवा हात सकाळी पटावर गेला तो गेलाच.

न्याहारीच्या मांदाझीच्या, म्हणजे गोड पुऱ्यांच्या, बशा अजून उचलायच्या होत्या तेव्हा ह्यांनी चाल सुरू केली. टप, टप, टप. रिकामा खळगा आला, शेजारणीकडे मागितलं. टप, टप. भरला खळगा आला, उचलला. पुन्हा रिकामा, पुन्हा शेजारीण. पहिल्यांदा ओट्यावरचे लोक हसले. मग टाळ्या पडल्या. मग सगळे नुसते बघत राहिले. मी आत खोबऱ्याचं दूध काढत होते. किती नारळ झाले तरी तो आवाज थांबेना, तेव्हा हात पुसून उठले.

बाहेर जाऊन बघते तर गल्ली भरलेली. निकाहसाठी भाड्याने आणलेल्या खुर्च्या ओट्याभोवती मांडून झालेल्या. माकामे समोर बसलेले, डोळे पटावर, तोंड उघडं. ह्यांच्या डोक्यावर कोणीतरी छत्री धरलेली. मोटारसायकली वळून पलीकडच्या गल्लीने चाललेल्या, आणि गंमत म्हणजे कोणी शिव्या देत नव्हतं.

"बाबा रिझिकी," मी म्हटलं, "उठा. आंघोळ राहिलीय. कांझूला इस्त्री केलीय."

"चालता हात थांबवायचा नसतो," हे मान वर न करता म्हणाले.

हे खरं आहे, दुर्दैवाने. आमच्या गल्लीचा कायदा आहे तो. मूठ उचलली की चाल संपेपर्यंत खेळणाऱ्याने उठायचं नाही, हात बदलायचा नाही, आणि समोरच्यानेही हलायचं नाही, नाहीतर उद्या म्हणेल मी नसताना लबाडी केली. नमाज, मयत आणि आग, एवढ्यालाच सूट. नैसर्गिक विधीलासुद्धा पूर्वी नव्हती, म्हाताऱ्यांनी भांडून मिळवली.

दुपारच्या नमाजला हे उठले. मुठीतले सागरगोटे रुमालात बांधून म्झे जेचांकडे दिले. म्झे जेचा म्हणजे किक्वाजुनीतला सगळ्यात जुना माणूस, त्यांच्या बरोबरीचं आता एक पिंपळाएवढं आंब्याचं झाड तेवढं उरलंय. मला वाटलं, सुटलो. नमाज पढून हे सरळ ओट्यावर, रुमाल सोडला, टप, टप.

तिसऱ्या प्रहरच्या नमाजलाही तेच झालं. मग शेख मुहिद्दीन आले निकाह लावायला. मी दारातच गाठलं त्यांना. "शेखसाहेब, तुमचा शब्द चालेल. ह्यांना उठवा."

शेख ओट्याजवळ गेले. बघितलं. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. खाली बसले. "ही शेजारणीची कल्पना कोणाची?"

"शेखसाहेब!"

"हो हो, मामा रिझिकी. विचार करतोय." खूप वेळ विचार केला त्यांनी, डोळे पटावरून न हलवता. मग म्हणाले, "नमाजला सूट आहे, मयताला आहे, आगीला आहे. निकाहचा उल्लेख नाही."

"कारण आजवर कोणी मूर्ख निकाहच्या दिवशी बाओ खेळायला बसला नाही!"

"बरोबर. म्हणजे पूर्वजांनी ह्यावर काही सांगून ठेवलेलं नाही. मी नवीन काही सांगितलं तर उद्या लोक म्हणतील शेख माकामेच्या बाजूने झाला."

"मग आग लावते," मी म्हटलं. "घरात रॉकेल आहे."

"लावलेली आग चालत नाही, लागलेली पाहिजे," गर्दीतून कोणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. ह्या गल्लीत शहाण्यांचं पीक फार.

"राहता राहिलं मयत," दुसरा कोणी पुटपुटला. सगळ्यांच्या नजरा हळूहळू म्झे जेचांकडे वळल्या.

"माझ्याकडे बघू नका रे," म्हातारा रुमाल छातीशी धरून म्हणाला. "मला शेवट बघायचाय ह्या डावाचा."

मी घरात गेले ती पाय आपटतच. आमच्याकडे बायका भर गल्लीत नवऱ्याला शिव्या देत नाहीत, त्यासाठी कांगा असतो. प्रत्येक कांग्याच्या काठावर एक वाक्य छापलेलं, ज्याला लागायचं त्याला लागतं. पेटीतून "शहाण्याला इशारा, गाढवाला दोरी" हा काढला, कमरेला गुंडाळला आणि ह्यांच्या नाकासमोरून दोनदा गेले. टप, टप. मग "ज्याने पेरलं त्यानेच निस्तरावं" नेसले. सगळ्या गल्लीने वाचला, एकट्या ह्यांनी नाही. कोणी तरी म्हणालं, "बीबी हिदाया, हा कुठे मिळाला? माझ्या भावासाठी हवाय."

आत रिझिकी बसली होती. हातापायांना मेंदी, केसांत जाईचे गजरे, उदाच्या धुराने खोली भरलेली. रडत नव्हती. तिचं हे मला कधीच आवडलं नाही, बापावर गेलीय, रडायच्या वेळी गप्प बसते.

"आई, बाबा येत नाहीत?"

"येतील."

"त्यांना सांग, शेखना वकील करा. शेख हात देतील आमेला. तसंही चालतं."

हे मला सुचायला हवं होतं. धावतच बाहेर आले आणि सांगितलं. शेख उत्साहाने उभे राहिले, त्यांना दोन्ही डगरींवर पाय ठेवता येणार होता. ह्यांना नावाने हाक मारली त्यांनी. "छान! उस्सी, फक्त 'हो' म्हणा. मी तुमच्या वतीने हात देतो. तुम्ही खेळत राहा."

आणि पहिल्यांदाच ह्यांचा आवाज चढला. "एकुलती एक आहे माझी. तिचा हात मी देणार. दुसरा कोणी तिचा हात देणार नाही!" आणि टप, टप, टप.

जावई आमे कोपऱ्यात उभा होता, अंगात नवा कोरा पायघोळ कांझू, डोक्यावर नक्षीची कोफिया टोपी, हातातलं घड्याळ सारखं बघत. त्याने बापाकडे बघितलं. माकामे बापुडवाणे म्हणाले, "मी काय करू? मला हलताच येत नाही."

माझा संताप एवढा होता की वाटलं पट उचलून समुद्रात टाकावा. पण मी बाई माणूस, आणि पट जड. म्हणून मी नुसतीच उभी राहिले आणि पहिल्यांदाच नीट बघायला लागले. आजवर मी हा खेळ ऐकला होता, बघितला नव्हता.

शेवटचा सागरगोटा रिकाम्या खळग्यात पडला. डावी शेजारीण रिकामी, उजवीकडे चार. ह्यांनी उजवीकडे मागितलं. पुढे गेले. पुन्हा रिकामा. ह्यावेळी उजवी रिकामी, डावीकडे सहा. ह्यांनी डावीकडे मागितलं. पुन्हा. आणि पुन्हा.

मी मिठाचा विचार केला. मला एखाद्या घरून लवकर परत यायचं असेल, म्हणजे घरी पाहुणे बसलेत आणि नुसतं "मागून आले" म्हणायचंय, तर मी कोणाकडे जाते? जिच्याकडे मीठ नाही हे मला माहीत आहे तिच्याकडे. रिकाम्या शेजारणीकडे मागितलं की चाल संपते, हा तर ह्यांनीच घातलेला नियम! मी बघत होते तोवर दर वेळी एक बाजू रिकामी होती. दर वेळी संपवता आली असती. आणि ओट्यावरच्या इतक्या बिंग्वांना, शेखांना, म्हाताऱ्यांना हे दिसलं नाही, कारण बाओ खेळणाऱ्या माणसाला आपली चाल आपण होऊन संपवावी असं जन्मात कधी वाटलेलंच नसतं. भरलं घर सोडून रिकाम्याचं दार कोण ठोठावेल?

मी गर्दीतून वाट काढली आणि ह्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. बायका तिथे बसत नाहीत. पण तेव्हा सगळे पट बघत होते.

"रिकामीकडे मागा," मी हळूच म्हटलं.

हात चालूच. "तिच्याकडे काही नाही."

"म्हणूनच."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली. डोळे लाल झाले होते, मला वाटलं उन्हाने.

"मला सकाळपासून माहितीये," हे म्हणाले, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. "हात थांबला की तो धरायला पोरगा उभाच आहे. मग ती जाते, हिदाया. मस्कत म्हणजे काय पलीकडची गल्ली आहे?"

आणि मी, जिने दिवसभर ह्या माणसाला गाढव, मूर्ख, लाकडी डोक्याचा म्हटलं, मला तिथे बसल्या बसल्या हुंदका फुटला. नवरा नालायक निघाला असता तर किती सोपं झालं असतं. मुलगी झाली तेव्हा ह्याच माणसाने पाळण्यावर एवढी नक्षी कोरली होती की पाळणा तयार होईपर्यंत ती रांगायला लागली. मला हे कळायला हवं होतं. वेळ लावणं हीच त्यांची माया करायची रीत.

"जाऊ दे तिला," मी म्हटलं. "आत बसलीय. रडत नाहीये. तुमच्यावर गेलीय."

शेवटचा सागरगोटा रिकाम्यात पडला. उजवीकडे पाच होते. ह्यांचा हात उजवीकडे गेला, थांबला, आणि डावीकडच्या रिकाम्या खळग्यावर येऊन त्यांनी बोटाने दोनदा टकटक केलं, दारावर करतात तसं. काही नव्हतं. ह्यांनी हात मागे घेतला.

गल्लीतून जो आवाज निघाला तो मी आजवर फक्त मयताच्या घरी ऐकलाय.

"भरलं घर सोडलं!" म्झे जेचा किंचाळले. "वेड लागलं याला!"

"चाल संपली," मी उभी राहून ओरडले. "शेखसाहेब, लवकर! आमे, ये इकडे, हात दे!"

आमे उडी मारून पुढे आला. ह्यांनी त्याचा हात धरला, आणि दिवसभराची सवय, तो हात आमेच्या हातातही थोडाथोडा पुढे सरकायचा, पेरल्यासारखा. "स्थिर ठेवा, उस्सी," शेख म्हणाले, "एक मुलगी एकालाच द्यायचीय." हे स्थिर राहिले. शब्द म्हणाले, एकदाही न अडखळता. आमेने कबूल म्हटलं. आतून बायकांनी जिभा हलवून जो लांबच लांब स्वर काढला त्याने छपरावरचे कावळे उडाले. निकाह लागला.

जेवणं उभ्याउभ्याच झाली. बिर्याणी चांगली झाली होती, कोणाचं लक्ष नव्हतं ही गोष्ट वेगळी. गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली. सूर्य नारळांच्या मागे उतरायला लागला. रिझिकीला बाहेर आणलं. प्रवासाला निघण्याआधी सासऱ्याने दोघांच्या डोक्यावर हात ठेवून दुआ द्यायची, मग गाडी हलवायची. दोघं माकामेंच्या पुढे जाऊन मान वाकवून उभी राहिली.

माकामे म्हणाले, "एक मिनिट. माझी पाळी आहे."

"बाबा!" आमे म्हणाला. "विमान!"

"दिवसभर हललो नाही मी इथून. एक चाल तर खेळू द्याल? ह्या नव्या बाओत दम आहे का नाही, ते कळायला नको? एकच चाल. रिकामा खळगा आला की संपली." आणि त्यांनी मूठ उचलली. टप, टप, टप.

पहिला रिकामा खळगा लगेच आला. डावी शेजारीण रिकामी. उजवीकडे दोनच सागरगोटे. जुन्या बाओचा बिंग्वा, सुधारणेचा वैरी, त्याने उजवीकडे मागितलं आणि निघाला पुढे.

"विहीणबाई, मस्कतला उन्हाळा फार असतो म्हणे," माकामे मान वर न करता म्हणाले, त्यांचा लिलावाचा फाटका आवाज आणखीच फाटला होता. "ह्या पोराला लहानपणी उन्हाने घोळणा फुटायचा."

टप, टप. पुन्हा रिकामा. ह्यावेळी डावीकडे तीन, उजवीकडे काही नाही. डावीकडे मागितलं.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. आमेने घड्याळ बघितलं. रिझिकी मान वाकवून उभी होती, आणि तिच्या बुरख्याच्या काठावरून एक थेंब ओट्याच्या दगडावर पडला. शेवटी रडली एकदाची. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. आम्हा दोघांना पट दिसत होता. पुढचा रिकामा खळगा कुठे येणार, त्याची कुठली शेजारीण रिकामी, आणि कुठे दोनदा टकटक केलं की सगळं संपून पोरं वेळेवर गाडीत बसतील, ते आता मला नारळ मोजल्याइतकं स्वच्छ दिसत होतं. उठा, एवढा एक शब्द बोलायचा होता. सकाळपासून तोच तर ओरडत होते मी.

भोंगा पुन्हा वाजला. मी आतल्या बायकांकडे वळून ओरडले, "अगं, व्याह्यांना कॉफी आणा कोणीतरी. आणि सावकाश आणा, गरम आहे."